रोज खाता येईल असं एका पातेल्यातलं शाकाहारी जेवण: नेमकी प्रमाणं हवी आहेत

दोन_डबे

चारी ठाव स्वयंपाक रोज जमणार नाही हे मान्य करून विचारतोय. घरात दोघं, एक ६५ किलो, एक ५५ किलो, दोघांचंही बैठं काम. रात्री एकदाच रांधायचं, तेच दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यात. म्हणजे एका वेळी चार जेवणं.

आत्ताचा प्रकार: दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन बटाटे, मूठभर मटार, वरून तूप. पोट भरतं, पण चार वाजता पुन्हा डबे हुडकायची वेळ येते.

हवं ते असं: एकच पदार्थ, सोबत फार तर दही किंवा काहीतरी कच्चं. दूध-दही चालतं, अंडी नाही. कांदा-लसूण चालतो. डब्यातली प्रोटीन पावडर नको. घरी ३ आणि ५ लिटरचा कुकर, मिक्सर आणि एक लोखंडी कढई आहे. आठवड्यातून चार-पाच वेळा खाल्लं तरी अंगावर येऊ नये.

"भाज्या भरपूर घाला, पौष्टिक होतं" हे माहीत आहे. कशाने किती मिळतं ते ग्रॅममध्ये सांगा. आणि हे खरंच 'पूर्ण' होऊ शकतं का, तेही.

---

मापात_पाप

आधी चालू खिचडीचा हिशेब करू. १५० मिलीच्या आमटीच्या वाटीत तांदूळ साधारण १२० ग्रॅम बसतो, मूगडाळही तेवढीच. तुमचे झाले तांदूळ २४० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम. प्रथिनं अनुक्रमे १९ आणि १४, एकूण ३३. चार जेवणांत वाटली की माणशी जेमतेम ८ ग्रॅम. बटाट्याने त्यात नावापुरती भर. चार वाजता भूक लागते ती यामुळेच.

गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला ५४ आणि ५५ किलोला ४६ ग्रॅम. आहार बराचसा धान्यावरच असेल तर किलोला १ ग्रॅम धरलेलं बरं. नाश्ता आणि दूध मिळून १० ग्रॅम देतील, म्हणजे या दोन जेवणांनी प्रत्येकी २२ ते २७ ग्रॅम द्यायला हवीत.

एका जेवणाचं माप, सगळं कच्चं वजन:

तांदूळ ५० ग्रॅम – प्रथिनं ४
सालीची मूगडाळ ४० ग्रॅम – ९.५
शेंगदाणे १५ ग्रॅम (२५-३० दाणे) – ३.५ ते ४
भाज्या १५० ग्रॅम आणि पाला २५ ग्रॅम – ३
तेल-तूप मिळून १० ग्रॅम – ०
दही १५० ग्रॅम, ताटात – ५

बेरीज २५ ग्रॅम, कॅलरी सव्वासहाशेच्या आसपास. चार जेवणांसाठी तांदूळ २००, डाळ १६०, दाणे ६०, भाज्या ६००, पाला १००. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात, पुरुषाला २११०. तेव्हा तिच्या ताटात खिचडी एक डाव कमी, दही मात्र तेवढंच.

'वाटी' या मापावर विसंबू नका. एकाच घरात १२० मिलीची वाटी असते आणि २०० मिलीचीही असते. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल काटा आणा, दोन आठवडे वजन करा, मग आपल्या वाटीवर खूण करून काटा उचलून ठेवा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. "डाळीत २४ टक्के प्रथिनं" हे कोरड्या डाळीचं माप आहे. शिजलेल्या घट्ट वरणात शंभर ग्रॅमला ६-७ असतात, पातळ वरणात त्याहून कमी. वाटीभर वरण खाऊन २४ ग्रॅम मिळाले असं समजणारे पुष्कळ आहेत.

तांदूळ आणि डाळ एकत्र का, तर तांदळात लायसिन कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन (दोन्ही प्रथिनांचे घटक) कमी ते तांदळात बऱ्यापैकी. दोन्ही एकाच घासात पोटात जायला हवेत असं काही नाही, दिवसभरात जमलं तरी शरीर भागवून घेतं. खिचडीत ते आपोआप जमतं इतकंच.

---

तिसरी_शिट्टी

मापं वर आली आहेत, मी फक्त कुकरचं सांगते. बहुतेक खिचड्या मापाने नाही, कुकरमध्ये बिघडतात.

वरचं चार जेवणांचं प्रमाण ३ लिटरच्या कुकरमध्ये लावू नका. डाळ-तांदूळ फुगतात आणि फेस येतो, त्यामुळे कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. ५ लिटरमध्ये अडीच लिटरपर्यंत, आणि हे सगळं पाण्यासकट तेवढंच होतं. ३ लिटरमध्ये दोन जेवणंच.

दाणे सकाळी वेगळे भिजत घाला. डाळ-तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा.

तेल २ टेबलस्पून. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीलिंब, ठेचलेलं आलं-मिरची, हवा तर कांदा. त्यावर दाणे निथळून दोन मिनिटं परता, मग हळद, मग भाज्या. लाल भोपळ्याच्या फोडी मोठ्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, नाहीतर त्याचा मागमूस राहत नाही. गाजर-फरसबी बारीक. फ्लॉवर घालायचा तर तुरे अख्खे. मग डाळ-तांदूळ निथळून घालून दोन मिनिटं परता आणि उकळतं पाणी १३०० मिली, मीठ.

आता महत्त्वाचं. झाकण लावण्याआधी उलथन्याने कुकरचा तळ एकदा पूर्ण खरवडून घ्या. परतताना डाळीचा थर तळाशी चिकटतो, तोच पुढे करपतो, आणि करपल्याचा वास सगळ्या खिचडीला लागतो. गार पाणी ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात डाळ खाली बसते, म्हणून पाणी उकळतंच हवं.

शिट्ट्या मोजू नका. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावून ८ मिनिटं. बंद करा, वाफ आपणहून जिरू द्या. जिरण्याच्या त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते. शिट्टी उचलून वाफ सोडली तर फेस वर येतो, शिट्टीच्या भोकात जातो आणि पुढच्या वेळी कुकर वाफ धरत नाही.

पाला कुकरमध्ये घालायचा नाही. दाबाखाली मेथी-पालक काळपट, गुळगुळीत होतात आणि फोलेट, क जीवनसत्त्व बरंचसं जातं. झाकण उघडलं की ३०० मिली उकळतं पाणी, बारीक चिरलेला पाला, तीन मिनिटं रटरट, बस्स.

टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही डाळ शिजल्यानंतरच. आंबटात डाळीचं साल आणि आतला गर लवकर मऊ होत नाही. जड पाण्यानेही हेच होतं. जुनी डाळ असेल तर काहीही करा, ती दगडच राहणार. आणि डाळ शिजावी म्हणून सोडा टाकू नका, त्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

---

पाला_पाचोळा

'मापात_पाप' यांच्या हिशेबाला एक दुरुस्ती. तांदूळ-डाळ ५:४ करायची धडपड प्रथिनांसाठी असेल तर तिचा फायदा वाटतो तेवढा नाही. ९० ग्रॅम कोरड्या मालात २:१ ठेवलं तर १२ ग्रॅम मिळतात, ५:४ केलं तर साडेतेरा. दीड-पावणेदोन ग्रॅमचा फरक. याउलट १५ ग्रॅम दाणे आणि १५० ग्रॅम दही मिळून जवळजवळ ९ ग्रॅम देतात. त्यामुळे डाळ जास्त झाल्याने कुणाला गॅस होत असेल तर त्याने बिनधास्त ३:२ वर यावं, पण दाणे आणि दही सोडू नये. दही घेतच नसाल तर माणशी १० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, दोनदा घट्ट पिळून, हाताने कुस्करून फोडणीत. त्याने ५ ग्रॅम भरून निघतात. वास येतो तो न पिळल्याने.

आता 'पूर्ण' या शब्दाकडे. प्रथिनांचा प्रश्न सुटतो, पण खरी बोंब असते ती लोह, कॅल्शियम आणि बी-१२ ची.

लोह. या खिचडीत माणशी ४ मिलिग्रॅमच्या आसपास, दोन वेळचं आठ. शिफारस पुरुषाला १९, बाईला २९. हा आकडा आपल्या धान्य-डाळींतलं लोह फारच थोडं शोषलं जातं हे गृहीत धरून काढला आहे, म्हणून शोषण वाढवलं तरी बराच फायदा. अर्धं लिंबू ताटात पिळा, पातेल्यात नाही, कारण उकळीत क जीवनसत्त्व टिकत नाही. लिंबापेक्षा पेरूच्या चार फोडी किंवा कच्च्या ढोबळी मिरचीचे काप कितीतरी वरचढ. जेवल्यावर तासभर चहा नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण चहातली टॅनिनं डाळीतल्या लोहाला चांगलीच आडवी येतात.

लोखंडी कढई आहे ना? कुकर उघडल्यावर कांदा-लसूण-टोमॅटोची वेगळी फोडणी त्या कढईत सात-आठ मिनिटं शिजवा आणि वरून ओता. टोमॅटोच्या आंबटाने कढईतलं थोडं लोह उतरतं. रंग जरा काळा होतो, घाबरू नका. मात्र शिजलेलं अन्न कढईत ठेवू नका, चव धातूची होते.

जिचं हिमोग्लोबिन कमी आहे तिने एक करावं: दुपारच्या डब्यात दह्याऐवजी पेरू-लिंबू, आणि दही रात्री. कॅल्शियम त्याच जेवणात असलं की लोह थोडं कमी शोषलं जातं. बाकीच्यांनी याची चिंता करू नये.

कॅल्शियम. गरज १००० मिलिग्रॅम. दीडशे ग्रॅम दही सुमारे १८० देतं. सालासकटचे तीळ १० ग्रॅम (दोन चहाचे चमचे भरून) सुमारे १२०. पांढरे स्वच्छ सोललेले तीळ आणलेत तर त्यातलं बरंच सालाबरोबर गेलेलं असतं. २५ ग्रॅम शेवग्याचा पाला ८० ते १००. पालक मात्र कॅल्शियमसाठी मोजूच नका, त्यातल्या ऑक्झलेटने ते बांधून ठेवलेलं असतं. पालक खा, पण त्याचं श्रेय फोलेट आणि बीटा-कॅरोटिनला द्या. मेथी, शेवगा, मुळ्याचा पाला जास्त कामाचे. दोन जेवणं आणि एक पेला दूध मिळून हजाराच्या वर जाता येतं.

बी-१२. इथे कुठलीही खिचडी पूर्ण नाही. वनस्पतीत ते भरवशाचं मिळतच नाही. "इडलीच्या आंबवण्यात तयार होतं", "स्पिरुलिनात असतं" या गोष्टींवर विसंबू नका. स्पिरुलिनातलं बहुतांश शरीराला न वापरता येणारं रूप आहे. गरज २.२ मायक्रोग्रॅम. ३०० ग्रॅम दही आणि मोठा पेलाभर दूध रोज पोटात गेलं तर काठावर दोनपर्यंत जाल. दूध-दही अनियमित असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. ड जीवनसत्त्वाचंही तसंच, ते पातेल्यात शोधू नका.

आणि मीठ. सैंधव वापरायची लाट आली आहे. रोजचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. समुद्रमासे न खाणाऱ्या घरात आयोडीन बहुतेक मिठातूनच येतं.

---

मापात_पाप

'पाला_पाचोळा' यांची दुरुस्ती मान्य. फक्त एक, डाळ कमी केली की चोथाही कमी होतो. सालीच्या डाळीचा तो मोठा फायदा, चार वाजताच्या भुकेलाही तोच लांब ढकलतो. म्हणून गॅस होत नसेल त्यांनी ५:४ वरच राहावं.

तुलना म्हणून सांगतो. शाळेतल्या पोषण आहाराचं प्राथमिक वर्गांचं प्रमाण धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम आहे, आणि अपेक्षा ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५:१. धाग्यातली मूळ खिचडी ४:१ होती. लहान मुलाला एका वेळी तेवढं चालतं, ६५ किलोच्या माणसाला दोन्ही वेळा तेच कसं पुरणार!

---

उखळ_मुसळ

खिचडीच कशाला? चार-पाच दिवस तेच खायचं तर पातेलं तेच ठेवून धान्य बदला.

वरणफळं, म्हणजे चकोल्या. दोन जेवणांना: तूरडाळ ८० ग्रॅम, कणीक १२०, बेसन २०, भोपळा-शेवग्याच्या शेंगा-गाजर मिळून ३००, मेथी ५०, तेल २०. प्रथिनं माणशी १९-२०, दह्यासकट २५. डाळ वेगळी मऊ शिजवून घोटून घ्या. कणीक-बेसनात हळद, तिखट, ओवा, मीठ, चमचाभर तेल घालून पुरीपेक्षाही घट्ट भिजवा. सैल कणीक वरणात विरघळते आणि खळ होते. पोळी पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे काप करा आणि कोरड्या ताटावर सुटे पसरा, एकावर एक रचू नका.

वरण मात्र अगदी पातळ हवं, डाळ आणि पाणी मिळून सव्वा लिटर. घोटलेलं वरण पाहून "फारच पाणी झालं" असं वाटलं पाहिजे, कारण फळं ते पिऊन टाकतात. भाज्या त्यात अर्धवट शिजल्या की मोठी उकळी आणा आणि काप एक-एक करून, उकळी न मोडता सोडा. मूठभर एकदम टाकलेत तर उकळी थांबते, काप खाली बसून एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग कच्चा राहतो. सगळे सोडून झाल्यावर झाकण न ठेवता ८ ते १० मिनिटं. एक फळ मोडून बघा, आत पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. आमसूल आणि गुळाचा खडा शेवटी. विदर्भात वरून लसणाची कडकडीत फोडणी घेतात, ती सोडू नका.

डब्यासाठी वरणफळं चांगली नाहीत, दुपारपर्यंत सगळं पाणी शोषून घेतात. रात्री खायची ती.

बाजरीची खिचडी, थंडीत. माणशी बाजरी ५०, मूगडाळ ४०, बाकी वरचंच. बाजरीत प्रथिनं तांदळापेक्षा जास्त, ११ च्या आसपास, आणि लोह कितीतरी जास्त. राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून आलेलं 'धनशक्ती' हे जादा लोहाचं वाण बाजारात मिळालं तर उत्तम. बाजरीवर पाण्याचा हबका मारून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग मिक्सरमध्ये थांबून-थांबून तीन-चारदाच फिरवा. दाणा दुभंगला पाहिजे, पीठ होता कामा नये. सुपात पाखडून कोंडा उडवा; सूप नसेल तर पाण्यात घालून वर तरंगणारा कोंडा ओतून द्या. दोन तास भिजवा. कुकरला पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर २० मिनिटं, पाणी तांदळाच्या खिचडीच्या दीडपट. इथे लोकांची घाई होते. अख्खी बाजरी न दुभंगता घातली तर तासभरानेही दाताखाली येते. आणि बाजरीचं पीठ-भरड महिनाभर साठवू नका, कडू होतं. लागेल तेवढंच भरडायचं.

---

बर्फात_भाकरी

बाहेरदेशी असणाऱ्यांसाठी. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा कुकर) हे प्रमाण होतं, पण फोडणीनंतर थोडं पाणी घालून तळ खरवडला नाही तर 'बर्न' दाखवून यंत्र थांबतं. टोमॅटो तळाशी नको. जास्त दाबावर ९ मिनिटं, मग १५ मिनिटं आपणहून वाफ जिरू द्या. गोठवलेली मेथी आणि गोठवलेला शेवगा चालतो, शेवटी तसाच घालायचा, आधी वितळवून पिळायचा नाही.

राजमा घालून स्लो कुकरमध्ये करायचा विचार असेल तर करू नका. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट्या होतात. आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच पुढचं.

---

दोन_डबे

सगळ्यांचे आभार. आठवडाभर केल्यावर तीन अडचणी.

१. रात्री मस्त सैल असते, दुपारी डब्यात गोळा. सुरीने कापावी इतकी.
२. तिळाचं कूट कडू लागलं.
३. मसूर, तूर, चणाडाळ अशी अदलाबदल करता येईल का? वेळ तोच?

---

तिसरी_शिट्टी

गोळा होणारच. डाळ जास्त असलेली खिचडी गार झाली की तांदळातलं पिठूळ आणि डाळीचा गर घट्ट बसतो. डब्याचा वाटा रात्रीच वेगळा काढा आणि त्यात माणशी अर्धी वाटी गरम पाणी जास्त घालून ठेवा, रात्री पातळ दिसली तरी. पुन्हा गरम करताना आधी पाणी, मग ढवळणं. कोरडी ढवळली की डाळ मोडून लगदा होतो. तांदूळ कुठला आहे? आंबेमोहर-इंद्रायणी चिकट होणारच, डब्याच्या दिवशी कोलम किंवा सोना मसूरी घ्या. चव आंबेमोहराचीच चांगली, हे मात्र खरं.

डब्याचा वाटा गरम पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. शिजलेल्या तांदळातले काही जंतू बीजरूपाने उकळीतही टिकतात, कोमट राहिलं की वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. दही वेगळ्या डबीत. तिळाचं कूट सकाळी घाला.

---

पाला_पाचोळा

तीळ जास्त भाजले गेले. बारीक आचेवर, सतत हलवत, पहिला 'तट' आवाज आला की लगेच ताटात ओता. कढईत ठेवले तर गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात. रंग बदलायची वाट बघायची नसते. गार झाल्यावरच मिक्सरला लावा, गरम वाटले की तेल सुटतं. आठवड्यापुरतंच करा. तिळाबरोबर एक भाग जवस आणि दोन लाल मिरच्या, मीठ घालून चटणी केलीत तर ओमेगा-३ चंही काम होतं. चहाचा दीड चमचा ताटात. जवस अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं, वाटलेलंच हवं.

---

मापात_पाप

डाळींच्या प्रथिनांत फार फरक नाही, २१ ते २५ च्या मध्ये सगळ्या. फरक आहे तो वेळेत.

साल काढलेली मसूरडाळ सर्वात आधी विरघळते. तिची खिचडी करायची तर भिजवू नका, आणि ८ ऐवजी ५ मिनिटं. तूरडाळ तासभर भिजवा, मग ८-१० मिनिटं, तांदळाबरोबर चालते. चणाडाळ दोन तास भिजवूनही तांदूळ मऊ झाल्यावर ती टणकच राहते, म्हणून तिला स्वतंत्र शिजवून घ्या किंवा एकूण डाळीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त घालू नका. अख्खे मूग रात्रभर भिजवून मोड आणलेत तर फायटेट (लोह बांधून ठेवणारं द्रव्य) कमी होतं, लोह जरा सुटतं; मोड अर्ध्या सेंटिमीटरचे पुरेत. मोडाचे मूग पाण्यामुळे जड होतात हे विसरू नका, ४० ग्रॅम कोरड्या मुगाचे मोड काढल्यावर ८०-९० ग्रॅम भरतात. वजन कोरड्याचंच धरायचं.

मिश्र करायची तर दोन डाळींच्या वर जाऊ नका. पंचडाळ म्हणून पाच एकत्र केल्या की मसूर नाहीशी होते आणि चणा कडक राहतो, मध्ये काही नाही.

---

दोन_डबे

शेवटचं. मूत्रपिंडाचा त्रास असलेले सासरे महिनाभर येणार आहेत. त्यांनाही हेच प्रमाण चालेल?

---

पाला_पाचोळा

नाही. प्रथिनं, पोटॅशियम, मीठ तिन्ही त्यांच्या रिपोर्टवर ठरतात, आणि डाळ, दाणे, पाला, टोमॅटो यांत पोटॅशियम भरपूर. त्यांच्या डॉक्टरांकडून रोजचा आकडा ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि इथे टाका, मग त्यातून डाळ किती कापायची ते बसून काढू. तोवर त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, ३ लिटरचा कुकर आहेच. आणि 'लो सोडियम' मीठ आणून देऊ नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.